न्यू ऑर्लिन्स : शनिवार-रविवारला सोमवारची दुपार जोडा

सांजदिवा

ह्यूस्टन, डॅलस, अटलांटाकडच्या मराठी मंडळींत न्यू ऑर्लिन्सला जाऊन आलेले पुष्कळ भेटतात. त्यातले बरेच जण एकच सांगतात : बर्बन स्ट्रीटला गेलो, गर्दी आणि दारूचा वास, बेन्ये (साखर पेरलेला तळलेला पाव) खाल्ले, बोटीतून मगरी बघितल्या, झालं. हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. जॅझ जिथे जन्माला आलं आणि जिथल्यासारखं जेवण अमेरिकेत दुसरीकडे कुठे मिळत नाही, ते शहर या लोकांना भेटलंच नाही. म्हणून हा धागा.

माझं सांगणं थोडक्यात असं : इथे वार बघून जा. आपल्याकडे कसे उपासाचे वार आणि बाजाराचे वार ठरलेले असतात, तसंच इथे खाणं, वाजवणं आणि चित्रं-प्रदर्शनं वारांना बांधलेली आहेत. वार चुकला की गोष्ट हुकली.

सुरुवात सोमवारपासून करते, कारण तो दिवस सगळे सोडून देतात. सोमवारी इथे लाल राजमा आणि भात. पूर्वी सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस असे. रविवारच्या जेवणातलं हॅमचं हाड उरलेलं असायचं. ते राजम्याच्या भांड्यात टाकून मंद आचेवर ठेवलं की बाई धुण्याला मोकळी, आणि संध्याकाळपर्यंत जेवण तयार. धुण्याची यंत्रं आली तरी वार तसाच राहिला. आजही सोमवारी साध्या खानावळीपासून बारपर्यंत राजमा-भात असतो. लुई आर्मस्ट्राँग आपल्या पत्रांखाली 'रेड बीन्स अँड राइसली युअर्स' अशी सही करायचे. मग तुम्हीच सांगा, रविवारी संध्याकाळी घाईघाईने गाडी काढून परत येण्यात काय अर्थ आहे? सोमवारची रजा टाका. ट्रेमे वस्तीत एस्प्लनेड अव्हेन्यूवर 'लिल डिझीज' आहे, दुपारी तिथे जेवा आणि मग निघा.

रविवार तर या शहराचा प्राणच. फ्रेंच क्वार्टरला लागूनच ट्रेमे ही वस्ती आहे आणि तिच्या कडेला आर्मस्ट्राँग पार्कमध्ये काँगो स्क्वेअर. गुलामीत ठेवलेल्या आफ्रिकी लोकांना रविवारी मोकळीक असे, आणि ते इथे जमून बाजार भरवत, ढोल वाजवत, नाचत. १८१७ साली शहराने हुकूम काढला की जमायचं ते फक्त रविवारी आणि ठरवून दिलेल्या जागीच. बाकी अमेरिकेत आफ्रिकी ढोलांवर बहुतेक ठिकाणी बंदी होती, इथे ते वाजत राहिले. त्या तालाचं पुढे काय झालं ते आपण सगळे ऐकतोच. आजही रविवारी दुपारी तिथे लोक ढोल घेऊन गोल धरून बसतात. तिकीट नाही, मंच नाही.

आणि रविवारीच सेकंड लाइन, म्हणजे बँडची मिरवणूक. हिच्याबद्दल खाली वेगळं लिहिते, कारण चार ओळींत ते मावणार नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत पोचता आलं तर थेट ऑर्लिन्स अव्हेन्यूवरच्या डूकी चेजला जा. १९४१ पासूनचं जेवणघर. लीआ चेज यांनी सत्तरेक वर्षं हे स्वयंपाकघर चालवलं, २०१९ मध्ये ९६ व्या वर्षी त्या गेल्या. काळ्या आणि गोऱ्या लोकांनी एका टेबलावर बसून जेवणं कायद्याने गुन्हा होता त्या काळात नागरी हक्क चळवळीतली माणसं इथे वरच्या मजल्यावर एकत्र बसून गंबो (इथला दाट रस्सा) खात आणि पुढचे बेत आखत. काळ्या चित्रकारांना गॅलऱ्या दारात उभं करत नव्हत्या तेव्हा लीआबाईंनी त्यांची चित्रं घेऊन भिंतीवर लावली. जेकब लॉरेन्स, एलिझाबेथ कॅटलेट ही आता संग्रहालयांतली नावं. २००५ च्या कॅटरिना वादळात हॉटेलात पाणी शिरलं, पण त्यांच्या नातवाने चित्रं सुरक्षित जागी हलवल्यामुळे ती वाचली. खाणं आणि कला या दोन वेगळ्या याद्या करून फिरणाऱ्यांनी एकदा त्या जेवणघरात बसून भिंतींकडे बघावं.

शनिवार बायवॉटरसाठी ठेवा. नदीकाठची रंगीत घरांची वस्ती. घरं अरुंद, एकामागे एक खोल्या, मधे बोळ नाही. त्यांना शॉटगन हाउस म्हणतात. तिथे रॉयल स्ट्रीटवर एका मोठ्या जुन्या गोदामात स्टुडिओ बी आहे. ब्रँडन ओडम्स या चित्रकाराने कॅटरिनानंतर ओसाड पडलेल्या सरकारी चाळींच्या भिंतींवर स्प्रेने चित्रं काढायला सुरुवात केली, २०१४ मध्ये नदीपलीकडे अल्जीयर्समध्ये एक रिकामी वसाहतच प्रदर्शन म्हणून उघडली, आणि त्यातून हा स्टुडिओ उभा राहिला. छताला टेकणारे चेहरे आहेत. बघताना मान मागे टाकावी लागते. दोन तास हाताशी ठेवा. महिन्याचा दुसरा शनिवार असेल तर संध्याकाळी सेंट क्लॉड अव्हेन्यूवरच्या, चित्रकारांनीच मिळून चालवलेल्या छोट्या गॅलऱ्यांमध्ये नवी प्रदर्शनं उघडतात. 'द फ्रंट' ही त्यातली एक. चित्रकार स्वतः दारात उभा असतो, बोलतो, प्रश्न विचारले की खूश होतो. त्यानंतर चालत फ्रेंचमन स्ट्रीट गाठा. गाण्यासाठी बर्बनऐवजी हीच गल्ली. क्लबांची दारं उघडी असतात, आवडलं तर आत शिरायचं, आणि मधेच रात्री भरणारा कलाबाजार आहे.

प्रश्न विचारा, जमेल तेवढी उत्तरं देते.

तांबडाभोपळा

छान लिहिलंयस गं. पण आम्ही पक्के शाकाहारी, शिवाय सासूबाई आल्या आहेत आणि त्या अंडंही खात नाहीत. तू वर जे जे लिहिलंस त्यात हॅम, गंबो, राजम्यातसुद्धा हाड! आम्ही तीन दिवस बेन्ये आणि कॉफीवर काढायचे का?

सांजदिवा

@तांबडाभोपळा, नाही गं, पण विचारून खावं लागेल हे खरं. इथे शाकाहाराची मोठी अडचण मटणाच्या तुकड्यांची नाही, अडचण रश्शाची आहे. राजमा दिसायला साधा, पण त्यात डुकराचं मांस शिजलेलं असतं. गंबो झर्ब नावाचा पालेभाज्यांचा गंबो असतो, पवित्र गुरुवारी म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी डूकी चेजमध्ये तो खायला लोक लोटतात. नऊ प्रकारचा पाला असतो, संख्या विषमच हवी. नाव आणि रंग बघून आपण फसतो, त्यातही मांस असतं.

आता काय खायचं ते. फ्रेंच मार्केटमध्ये मील्स फ्रॉम द हार्ट हा छोटासा काउंटर आहे, तिथे भेंडीचा गंबो पूर्ण शाकाहारी मिळतो. बायवॉटरमध्ये स्नीकी पिकल. बायू रोडवर ॲडिस नोला हे इथिओपियन हॉटेल, तिथलं शाकाहारी ताट सासूबाईंना नक्की आवडेल : डाळी, कोबी, पालेभाज्या, खाली इंजेरा, म्हणजे धिरड्यासारखी आंबूस पोळी. त्याच रस्त्यावर कम्युनिटी बुक सेंटर हे १९८३ पासूनचं पुस्तकांचं दुकान आहे, जेवण झालं की तिकडे डोकवा. आणि मॅगझिन स्ट्रीटवर सॅफ्रन नोला. भारतीय आहे, पण लुइझियानाच्या चवीशी हातमिळवणी केलेलं. एका संध्याकाळी तिथे घेऊन जा.

बेन्येच्या पिठात अंडं असू शकतं, सासूबाईंसाठी आधी विचारून घे. प्रालीन मात्र चालतील : पिकन, साखर, लोणी, साय. फ्रेंच मार्केटजवळच्या दुकानांत गरम गरम ओतलेली मिळतात, ती घे. डब्यातली नको.

मालवणी_डॅलस

शाकाहाऱ्यांचं झालं, आता आमचं. मासेखाऊ माणसाला याच्यासारखं दुसरं शहर अमेरिकेत नाही, हे मी ठामपणे सांगतो.

पहिलं, बार्बेक्यू श्रिम्प. नावावर जाऊ नका, निखाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. सालासकट, डोक्यासकट मोठी कोलंबी, भरपूर लोणी, त्याहून भरपूर काळी मिरी, वूस्टरशायर सॉस. पास्कल्स मनाली हे हॉटेल १९१३ पासूनचं, हा पदार्थ त्यांचाच. गळ्यात रुमाल बांधून देतात, बोटांनी सोलायची, पाव रश्शात बुडवायचा. डोकं चोखायला लाजू नका, खरी चव तिथे आहे.

दुसरं, क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले चिमुकले शेवंड. याचा हंगाम आहे, साधारण जानेवारी ते जून, आणि मार्च ते मे ऐन भरात. पाउंडावर मिळतात, मक्याची कणसं आणि बटाटे सोबत उकडलेले. शेपूट पिळून सोलायची. ऑक्टोबरात जाऊन 'क्रॉफिश कुठे?' म्हणून विचारलंत तर गोठवलेले मिळतील, ते खाऊ नका. त्या दिवसांत ऑयस्टर खा.

तिसरं, पो-बॉय. १९२९ मध्ये ट्रामच्या कामगारांनी संप केला. मार्टिन बंधू स्वतः पूर्वी ट्रामवर होते, त्यांनी संपकऱ्यांना फुकट सँडविच द्यायला सुरुवात केली, त्यातून हे नाव पडलं असं सांगतात. त्याचा जीव पावात आहे. वरून पातळ कडक पापुद्रा, आतून हलका. १८९६ पासूनची लायडनहायमर बेकरी हा पाव पुरवते. तळलेल्या कोलंबीचा घ्या आणि 'ड्रेस्ड' म्हणून सांगा, म्हणजे लेट्यूस, टोमॅटो, पिकल, मेयो घालून देतात. मिड-सिटीमधलं पार्कवे माझं आवडतं.

खडीसाखर७७

@मालवणी_डॅलस, पावाचं बोललात म्हणून : शहराच्या पूर्व टोकाला डाँग फ्युआँग बेकरी आहे, व्हिएतनामी. १९७५ नंतर आलेल्या निर्वासित कुटुंबांनी तिकडे वस्ती केली, आणि आज शहरातल्या कितीतरी पो-बॉयचा पाव तिथूनच येतो. तोफू घातलेलं बान मी (व्हिएतनामी सँडविच) मिळतं, @तांबडाभोपळा साठी हेही लक्षात ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर किंग केक. ६ जानेवारीपासून मार्डी ग्रा या इथल्या कार्निव्हलपर्यंतच मिळतो, आणि यांच्याकडच्यासाठी लोक पहाटे रांग लावतात.

मुलं असतील त्यांच्यासाठी एक सांगते. कॅफे दु मोंदची फ्रेंच क्वार्टरमधली मूळ जागा १८६२ ची आहे, ती बाहेरून बघा, पण रांग फार असेल तर सिटी पार्कमध्ये त्यांचीच दुसरी शाखा आहे. तेच बेन्ये, तीच चिकोरी घातलेली कॉफी, आणि बाहेर ओकची झाडं. कनाल स्ट्रीटवरून लाल ट्राम थेट तिथे जाते. शेजारीच कलासंग्रहालयाची शिल्पांची बाग, फुकट, सोमवारीही उघडी. संग्रहालय सोमवारी बंद असतं, बाग नाही. तळ्याकाठाने मुलं मोकळी पळतात, कोणी 'हात लावू नका' म्हणून मागे लागत नाही, म्हणजे शिल्पांना हात लावायचा नाहीच, पण गवतावर लोळता येतं.

आणि उन्हाळ्यात हॅन्सेन्स. १९३९ चं बर्फाच्या गोळ्यांचं दुकान. अर्नेस्ट हॅन्सेन यांनी बर्फ किसण्याचं यंत्र स्वतः बनवलं, बायको सरबतं बनवायची. बर्फ इतका मऊ पडतो की दाताला लागत नाही. आता नात चालवते. रांग लांब असते, पण रांगेतली गंमत वेगळीच, सगळा मोहल्ला भेटतो.

रेघ_आणि_रंग

मी आरीकाम शिकवते, म्हणून माझं लक्ष पोशाखांकडे. या धाग्यावर ट्रेमेमधल्या बॅकस्ट्रीट कल्चरल म्युझियमचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहिते आहे. दोन-तीन खोल्यांचं संग्रहालय. सिल्व्हेस्टर फ्रान्सिस यांनी १९९९ मध्ये सुरू केलं. आयडा वादळात जुनी जागा मोडली, आता सेंट फिलिप स्ट्रीटवर आहे.

आत मार्डी ग्रा इंडियन लोकांचे पोशाख आहेत. ही मंडळी काळी, पण पळून आलेल्या गुलामांना आसरा देणाऱ्या मूळ अमेरिकी लोकांच्या स्मरणार्थ पिसांचे आणि मण्यांचे पोशाख घालून वर्षातून मोजक्या दिवशी रस्त्यावर येतात : मार्डी ग्राच्या सकाळी, १९ मार्चला सेंट जोसेफच्या रात्री, आणि त्याच्या आसपासच्या रविवारी, ज्याला सुपर संडे म्हणतात. नियम असा की पोशाख दरवर्षी नवा आणि तो ज्याचा त्याने शिवायचा. गेल्या वर्षीचा पुन्हा घातला तर ते मान्य होत नाही.

मी एका पोशाखासमोर बराच वेळ उभी होते. छातीवरच्या एका तुकड्यावर घोडेस्वार होता. जाड कॅनव्हासवर पेन्सिलीची रेघ अजून कुठेकुठे दिसत होती. मणी ज्वारीपेक्षा बारीक. घोड्याच्या मानेवर मण्यांच्या ओळी मानेच्या वळणाने गेल्या होत्या आणि पोटाकडे आडव्या झाल्या होत्या. रंग एकच, पण ओळीची दिशा बदलल्यामुळे उजेड वेगळा पडतो आणि स्नायू दिसतो. ही गोष्ट ज्याने हजारो तास सुई धरली आहे त्यालाच सुचते. मागच्या बाजूला दोरा पक्का करण्यासाठी मारलेले टाके एकसारखे, एकही गाठ सुटलेली नाही. आणि हे करणारे लोक दिवसा गवंडी, प्लंबर, बस ड्रायव्हर असतात. टूटी मोंटाना यांना 'सगळ्या चीफांचे चीफ' म्हणत. ते घराच्या भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकणारे कारागीर होते आणि पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी दरसाल नवा पोशाख शिवला. पूर्वी टोळ्या समोरासमोर आल्या की मारामाऱ्या होत. कोणाचा पोशाख जास्त सुंदर यावर ती चढाओढ आली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. डेमंड मेलांसन या आजच्या चीफचं मणीकाम आता कलासंग्रहालयांत लागतं.

कपडे-शिवण-भरतकामात ज्यांना रस आहे त्यांनी फ्रेंच क्वार्टरचा एक तास कमी करावा, पण हे चुकवू नये.

सांजदिवा

@रेघ_आणि_रंग, ओळींची दिशा! मी तेच पोशाख बघितलेत आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. किती छान सांगितलंत ताई.

सेकंड लाइनबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. काळ्या वस्त्यांमध्ये गुलामी संपल्यानंतरच्या काळात मदत मंडळं निघाली. विमा कंपन्या या लोकांना विमा देत नसत, मग मंडळाकडे वर्गणी भरायची आणि आजारपण किंवा अंत्यविधीचा खर्च मंडळाने करायचा. अंत्ययात्रेत बँड असे, जाताना संथ, परतताना नाचरा. या मंडळांची वार्षिक मिरवणूक म्हणजे आजची रविवारची सेकंड लाइन. पुढे मंडळाचे सभासद आणि बँड ही पहिली ओळ, मागे येणारे आपण सगळे ती दुसरी. ऑगस्टच्या शेवटापासून जूनपर्यंत जवळपास दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मंडळाची असते, चारेक तास चालते, मधे ठरलेल्या बारांपाशी आणि घरांपाशी थांबते. मार्ग दर आठवड्याला वेगळा. डब्ल्यू-डब्ल्यू-ओ-झी हे स्थानिक रेडिओ स्टेशन आपल्या साइटवर मार्ग टाकतं, तो बघून जा.

बँडमध्ये बघण्यासारखी एक गोष्ट : मोठ्या ढोलावर एक झांज आडवी बसवलेली असते आणि ढोलवाला एका हातात टोला, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर किंवा कपड्याच्या हँगरची तार घेऊन ती झांज वाजवतो. तो खणखणीत आवाज सगळ्या मिरवणुकीला चालवतो. क्लेबोर्न अव्हेन्यूवरून आय-१० महामार्गाचा उन्नत रस्ता जातो. १९६६ मध्ये त्यासाठी तिथली ओकच्या झाडांची दुहेरी रांग तोडली आणि काळ्या लोकांची भर बाजारपेठ उद्ध्वस्त झाली. पुढे चित्रकारांनी पुलाच्या खांबांवर ती झाडं रंगवली. मिरवणूक पुलाखाली आली की ट्यूबावाले मुद्दाम रेंगाळतात, कारण काँक्रीटखाली पितळी आवाज चौपट होतो. मी नाचणाऱ्यांतली नाही, पण तिथे पाय थांबत नाहीत.

मिरवणुकीसोबत ट्रक असतात, त्यांवर सॉसेज भाजत असतं. याकामीन घ्या : नूडल्स, बीफ, उकडलेलं अंडं, पातीचा कांदा, सोया सॉस घातलेला खारट-तिखट रस्सा.

टिपूर

धागा आवडला, पण एक मनात येतं ते विचारतो. ही त्या लोकांची, त्यांच्या दुःखातून आलेली गोष्ट. आपण कॅमेरे घेऊन जायचं, नाचायचं, परत यायचं. हे बरोबर आहे का? आणि दुसरं, सुरक्षिततेचं काय? गुन्हेगारीबद्दल फार ऐकतो.

सांजदिवा

@टिपूर, दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. मिरवणूक सार्वजनिक आहे, मागे चालणारे हवेतच, त्याशिवाय दुसरी ओळ होणार कशी? पण पथ्य पाळायचं. मंडळाच्या सभासदांभोवती दोर धरलेला असतो, तो ओलांडायचा नाही. बँडच्या पुढ्यात उभं राहून फोटो काढायचे नाहीत. नाचणाऱ्याच्या तोंडावर फोन धरायचा नाही. लोकांच्या ओट्यावर, गाडीवर चढायचं नाही. रोख पैसे ठेवायचे, खाणं-पाणी तिथल्याच विक्रेत्यांकडून घ्यायचं. फ्रेंचमनवर क्लबात प्रवेश फुकट असला तर बँडच्या बादलीत निदान पाच-दहा डॉलर माणशी टाकायचे, वादकांचं पोट त्यावर आहे. घरांची भाडी वाढल्यामुळे कित्येक वादकांना ट्रेमे सोडावी लागली आहे. त्याच कारणाने मी वस्तीतली अल्पकालीन भाड्याची घरं न घेता हॉटेलात राहते. हा माझा निर्णय, सगळ्यांनी तसंच करावं असं नाही.

सुरक्षितता : मोठ्या शहरात पाळतो ते सगळं पाळा. अंधार पडल्यावर बायवॉटर ते फ्रेंचमन चालण्याऐवजी गाडी बोलवा. (वर मी चालत जा लिहिलंय ते उजेड असेपर्यंत.) गाडीत काही म्हणजे काही ठेवू नका, जॅकेटसुद्धा नाही.

बाळूकाका_नाशिक

आमचे चिरंजीव बॅटन रूजला असतात, त्यामुळे आम्हा उभयतांचं तिकडे जाणं होतं. आमच्या वयाच्या मंडळींसाठी दोन शब्द. सेंट चार्ल्स मार्गावरची हिरवी ट्राम. ही लाइन १८३५ पासून चालू आहे, आणि आजचे डबे १९२० च्या दशकातले, लाकडी बाकांचे. भाडं सव्वा डॉलर, दिवसाचा पास तीन डॉलर. खिडकी उघडी टाकून शेवटपर्यंत जावं, दोन्ही बाजूंना ओकच्या फांद्या आणि जुने वाडे. गुडघे कुरकुरत नाहीत आणि शहर बघून होतं.

दुसरं, प्रिझर्वेशन हॉल. १९६१ पासून. साधी जुनी खोली, मोजकी बाकं, माइक नाही, कार्यक्रम पाऊण तासाचा. खाणंपिणं काही नाही, त्यामुळे लोक खरोखर ऐकतात. बसायची जागा हवी असेल तर तिकीट आधी काढावं, नाहीतर उभं राहावं लागतं. ट्रंपेटवाल्या गृहस्थांचं वय माझ्याइतकंच असावं. काय तो दम!

आणि एक माहिती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालातल्या हुगळीकडचे मुसलमान फेरीवाले भरतकामाचे कपडे विकायला अमेरिकेत येत. त्यातले काही याच ट्रेमे वस्तीत स्थायिक झाले, तिथल्या काळ्या आणि मिश्रवंशी क्रिओल बायकांशी त्यांनी लग्नं केली, आणि पुढची पिढी त्या वस्तीची होऊन गेली. आपण आयटीवाल्यांना पहिले भारतीय समजतो. ट्रेमेच्या गल्ल्यांतून चालताना मला सारखे ते लोक आठवत होते.

टिपूर

काका, हे अजिबात माहीत नव्हतं. आणि @सांजदिवा, उत्तराबद्दल आभार. पटलं.

मालवणी_डॅलस

गंबो शिकायचा असेल त्यांच्यासाठी : सेंट लुईस स्ट्रीटवर न्यू ऑर्लिन्स स्कूल ऑफ कुकिंग आहे, सकाळचा वर्ग करून तिथेच जेवता येतं. मला रूच्या, म्हणजे गंबोसाठी तेलात भाजायच्या मैद्याच्या, एका धड्यासाठी ते पैसे वसूल वाटले. तेल आणि मैदा समसमान, जाड बुडाचं भांडं, लाकडी उलथणं. आधी पांढरं, मग शेंगदाण्याचा रंग, मग विटकरी, मग चॉकलेटी. वास कच्च्या पिठापासून खमंगावर आणि खमंगावरून कडवटपणाच्या काठावर जातो, तिथेच थांबायचं. तेवढ्यात कांदा, सेलरी, भोपळी मिरची घातली की चर्रर्र होऊन शिजणं थांबतं. एक काळा ठिपका दिसला तर सगळं ओतून नव्याने सुरू. ढवळणारा माणूस फोन उचलत नाही. दाटपणासाठी एकतर भेंडी, जी आफ्रिकेतून आली, नाहीतर फिले, म्हणजे ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड, ती इथल्या चोक्टो या मूळ अमेरिकी लोकांची. फिले भांडं उतरवल्यावर घालायची, उकळली की तार सुटते.

तांबडाभोपळा

हे वाचून मी घरी भेंडीचा शाकाहारी करून बघणार! बरं, जायचं केव्हा? आणि गाडीने की विमानाने?

सांजदिवा

हवा : ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये सासूबाईंना नेऊ नकोस, घामाने जीव जातो, शिवाय जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ, रद्द करता येईल असंच बुकिंग कर. मार्डी ग्रा आणि एप्रिलअखेरच्या जॅझ फेस्टला हॉटेलांचे भाव गगनाला भिडतात. पहिल्यांदाच जात असाल तर ते दिवस टाळा, शहर नीट दिसत नाही. एप्रिलमधला फ्रेंच क्वार्टर फेस्टिव्हल मात्र फुकट आणि घरगुती.

ह्यूस्टनहून गाडीने साडेतीनशे मैल, साडेपाच-सहा तास. वाटेत अचाफलायाच्या दलदलीवरून अठरा मैलांचा पूल आहे, तो उजेडात पार कर. फ्रेंच क्वार्टरमध्ये हॉटेलचं पार्किंग रात्रीला पन्नास डॉलरच्या आसपास जातं, म्हणून मी ट्रामच्या रस्त्यावर सेंट चार्ल्सकडे राहते आणि गाडी तिथेच सोडून देते.

तांबडाभोपळा

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार धरून बुक केलं, सोमवारची रजाही टाकली. सासूबाई म्हणतात, काँगो स्क्वेअरला आधी जायचं. सेकंड लाइनचा मार्ग कधी कळतो?

सांजदिवा

त्याच आठवड्यात रेडिओच्या साइटवर येतो. गुरुवार-शुक्रवारी बघ. सुरुवातीच्या जागेऐवजी दुसऱ्या थांब्यावर जाऊन उभे राहा, तिथे सासूबाईंना बसायला ओटा-खुर्ची काहीतरी मिळेल. चपटे बूट, पाणी आणि सुटे डॉलर घ्या. आणि शाकाहारी गंबोच्या काउंटरला निघण्याआधी फोन करून वेळ विचारून घे, तो लवकर बंद होतो.